कोंबडीच्या खुराड्याला चाकं का लागली?

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, अडखळणं तेवढं काढलंय.)



'कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.' ही म्हण शाळेत आपण सगळ्यांनी वाक्यात उपयोग करून दाखवलीय. पण ते कोंबडं झाकायचे कशाने, हा प्रश्न कुणी विचारला होता का? उत्तर सोपं आहे. डालग्याने. म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली मोठी, पालथी घातलेली टोपली. गावाकडे ज्यांचं आजोळ आहे त्यांनी ती पाहिली असेल. पिल्लांची कोंबडी अंगणात ठेवायची, वरून डालगं पालथं घालायचं, म्हणजे घार पिल्लू उचलत नाही आणि मांजरही लांब राहतं. ऊन आलं की डालगं उचलायचं आणि सावलीत नेऊन ठेवायचं. जागा घाण झाली की चार हात पुढे सरकवायचं.

आता जरा इंजिनिअरच्या नजरेनं बघा. तळ नाही. वजन नाही. हवा खेळते. एका हाताने उचलता येतं. म्हणजे आज यूट्यूबवर ज्याला 'मूव्हेबल चिकन कूप' म्हणतात आणि ज्याचे लाखो व्ह्यूज असलेले व्हिडिओ फिरतात, त्याच घराण्यातली ही वस्तू. फक्त हिला चाकं नाहीत.

तर आजचा विषय आहे खुराड्याची चाकं. ऐकायला सुतारकामाचा वाटेल, पण मला त्यात इतिहास दिसतो. गेल्या शंभर वर्षांत कोंबडीचं घर आधी हलत होतं, मग ते एका जागी थांबलं आणि आता काही ठिकाणी परत हलायला लागलंय. आणि ते हललं की थांबलं यावरून एक गोष्ट कळते: कोंबडी कोणाची, तिच्यामागचे कष्ट कोणाचे आणि अंड्याचा पैसा कोणाचा.

हे सगळं मी वाचायला का घेतलं, तर सध्या मी घरी असंच एक खुराडं बनवतोय. सोमवार ते शुक्रवार पुण्यात कोड लिहायचा आणि शनिवारी जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावी जाऊन पाईप कापायचे. त्याबद्दल पुढे बोलूच. आधी कोंबडीबद्दल.

रानातला पक्षी

आपल्या कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या जंगलांत तो आजही आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनात जगभरच्या उत्खननांतली कोंबडीची हाडं पुन्हा तपासली गेली. त्यात पाळीव कोंबडीची सगळ्यात जुनी खात्रीची हाडं सापडली ती मध्य थायलंडमधल्या बान नोन वाट इथली, इसवी सनपूर्व १६५० ते १२५० या काळातली. संशोधकांचा अंदाज असा, की माणूस कोरडवाहू भात आणि भरड धान्य पिकवायला लागला, आणि सांडलेल्या दाण्यांच्या ओढीनं हा पक्षी झाडावरून वस्तीजवळ आला. म्हणजे आपण त्याला धरून आणलं असं म्हणण्यापेक्षा तो खळ्यावर आला, असं म्हणणं जास्त बरोबर.

आणि यात आपल्या सह्याद्रीचाही वाटा आहे बरं का. बऱ्याच पाळीव कोंबड्यांचे पाय आणि कातडी पिवळी असते. हा पिवळेपणा तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नाही. तो आला राखी रानकोंबड्याकडून, म्हणजे पश्चिम घाटात पहाटे ज्याची हाळी ऐकू येते त्या आपल्या रानकोंबड्याकडून. हे २००८ साली जनुकीय अभ्यासातून समोर आलं.

या रानपक्ष्याची दिनचर्या लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा इतिहास त्यावर उभा आहे. दिवसभर तो पाचोळा उकरत फिरतो, किडे-दाणे-कोवळं गवत खातो आणि अंधार पडला की झाडावर चढून झोपतो. जिथे चरतो तिथे झोपत नाही. आपली गावरान कोंबडीही संध्याकाळी बाभळीवर किंवा गोठ्याच्या आढ्यावर चढून बसते, ती याच सवयीमुळे.

कोंबडी थांबली की काय होतं?

माणसानं कोंबडीला घर बांधून दिलं ते फार पूर्वी. पहिल्या शतकातल्या कोलुमेला या रोमन लेखकानं शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात खुराड्याची सविस्तर कृती आहे. हिवाळ्यात सूर्य उगवतो त्या दिशेला तोंड करा, आणि शक्यतो भटारखान्याजवळ बांधा म्हणजे धूर लागेल, धूर या पक्ष्याला मानवतो, असं तो सांगतो. आपल्याकडे चुलीच्या पलीकडच्या भिंतीला खुराडं असायचं, त्याची आठवण झाली ना?

आठ-दहा कोंबड्या असतात, दिवसभर त्या गावभर फिरतात, तोवर पक्कं घर चालतं. गडबड सुरू होते ती संख्या वाढली आणि दार बंद झालं की. कारण शीट. कोंबडी खाते तिथेच शीट टाकते आणि तीच जमीन उकरून परत खाते.

इथे थोडं जीवशास्त्र. कोंबड्यांच्या आतड्यात कॉक्सिडिया नावाचा परजीवी असतो. त्यामुळे पिल्लांना रक्ती हगवण लागते आणि ती पटापट मरतात. या परजीवीची गंमत अशी, की शिटेतून बाहेर पडणारी त्याची बीजं लगेच घातक नसतात. ओलावा, ऊब आणि हवा मिळाली की साधारण एक-दोन दिवसांत ती तयार होतात. मग कोंबडीनं ती टिपली की चक्र पुन्हा सुरू. आता विचार करा. ती बीजं तयार व्हायच्या आत कोंबडी त्या जागेवरून निघून गेली तर? आणि त्या जागेवर बरेच दिवस परतलीच नाही तर? चक्र पूर्ण तुटत नाही, कारण ही बीजं चिवट असतात, पण त्याचा जोर मोडतो. रोज जागा बदलण्यामागचं साधं गणित हे आहे.

कॉक्सिडियाची ही सगळी माहिती नसतानाही शेतकऱ्यांना अनुभवानं एवढं कळत होतं, की जमीन कोंबड्यांना 'कंटाळते'. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात लिटल कॉम्प्टन नावाचा भाग आहे. आपल्याकडे सरकारी केंद्रांतून मिळणारी लाल 'आर.आय.आर.' कोंबडी, म्हणजे ऱ्होड आयलंड रेड, ती याच भागातली. तिथले शेतकरी एकोणिसाव्या शतकातच एक मोठं शेड बांधण्याऐवजी शेतभर लहान लहान खोपटी विखरून ठेवायचे. घोडागाडीतून खाद्य वाटत फिरायचं आणि येताना अंडी गोळा करत यायचं. अमेरिकेत पुढे अशा खोपट्यांना खाली घसरपट्ट्या लावायची पद्धत रूढ झाली. घोडे जुंपायचे आणि आख्खं खोपटं पुढच्या तुकड्यावर ओढून न्यायचं. म्हणजे चाकांच्या आधी घसरपट्ट्या होत्या.

इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात 'फोल्ड युनिट' आलं. लांबट, बुटकं, तळ नसलेलं खुराडं. रोज त्याच्या लांबीएवढं पुढे सरकवायचं, त्यामुळे कोंबड्यांना रोज ताजं गवत आणि मागच्या पट्ट्याला खत. 'फोल्ड' हा शब्द मुळात मेंढ्यांचा. मेंढरं रात्री शेतात कोंडून ठेवायची, म्हणजे खत वाहून न्यायला नको, खत घालणाराच शेतात मुक्कामाला.

ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे धनगरांची मेंढरं शेतात बसवतात ते दुसरं काय आहे! पावसाळा सरला की देशावरचे वाडे कोकणाकडे उतरतात, शेतकरी त्यांना बोलावून घेतो, वाघर लावून मेंढरं रात्रभर शेतात बसतात आणि त्याबद्दल धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. मी लहानपणी हे पाहिलंय. तेव्हा वाटायचं की मेंढरांना जागा मिळावी म्हणून शेतकरी उपकार करतोय. पण जागेचे पैसे धनगर देत नाही, लेंड्यांचे पैसे शेतकरी देतो. जनावर हलतं ठेवलं की घाणीचं खत होतं, आणि थांबवलं की त्याच खताची घाण होते.

१९२३: पाचशे पिल्लांची बाई

आता आपण येतो त्या वळणावर, जिथे कोंबडीचं घर थांबलं.

अमेरिकेतलं डेलावेअर राज्य, ओशन व्ह्यू नावाचं गाव. सेसिल स्टील नावाची एक शेतकरी बाई. नवरा विल्मर कोस्ट गार्डमध्ये नोकरीला. त्या काळी तिथे कोंबड्या पाळणं हे बायकांचं काम. अंडी विकून आलेला पैसा घरखर्चाला, आणि तो त्यांच्याच हातात. मांस हा दुय्यम भाग, अंडी द्यायची थांबलेली कोंबडी नाहीतर जास्तीचे कोंबडे कापायचे, एवढंच.

१९२३ साली सेसिलबाईंनी ५० पिल्लं मागवली. हॅचरीच्या चुकीनं आली ५००. त्यांनी परत पाठवली नाहीत. १६ फूट बाय १६ फुटांचं एक लहान शेड बांधून घेतलं, त्यात ती वाढवली. १८ आठवड्यांनी ३८७ जगली होती, आणि ती पौंडाला ६२ सेंट भावानं विकली गेली. तेव्हाच्या मानानं हा भाव जबरदस्त होता. पुढच्या वर्षी त्यांनी १,००० पिल्लं घेतली. १९२६ पर्यंत १०,००० पक्ष्यांचं शेड उभं राहिलं. नवऱ्यानं नोकरी सोडली आणि धंद्यात उतरला. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी बघून बघून शेडं टाकली. खास मांसासाठी कोंबडी वाढवायचा धंदा, म्हणजे ब्रॉयलर, इथून मोठा झाला. सेसिलबाईंचं ते पहिलं शेड अमेरिकेनं जपून ठेवलंय, ते तिथल्या ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत आहे.

पण एक प्रश्न राहतो. कोंबड्या अशा बंद शेडमध्ये पूर्वी का नाही वाढवल्या? तर वाढवता येतच नव्हत्या. ऊन मिळालं नाही की पिल्लांचे पाय लुळे पडायचे. मुडदूस! १९२२ च्या सुमारास एल्मर मॅकॉलम यांच्या गटानं कॉड माशाच्या यकृताच्या तेलातला मुडदूस बरा करणारा घटक वेगळा ओळखला आणि त्याला 'ड' जीवनसत्त्व हे नाव मिळालं. विस्कॉन्सिन विद्यापीठात पिल्लांच्या लुळ्या पायांवर त्याच सुमारास काम चालू होतं. खाद्यात हे तेल मिसळलं की उन्हाची गरज उरत नाही, हे कळलं. मग गवताची जागा घेतली तयार खाद्यानं. आणि कॉक्सिडियाचं काय? १९४८ साली अमेरिकेत सल्फाक्विनॉक्सॅलिन हे औषध खाद्यातून रोज द्यायला मंजूर झालं.

बघा, एकेक करून काय झालं. ऊन बाटलीत आलं. गवत पोत्यात आलं. जागा बदलण्याचा फायदा औषधाच्या पुडीत आला. मग खुराडं हलवायचं कशाला?

त्यातच १९४६ पासून 'चिकन ऑफ टुमॉरो' नावाची स्पर्धा सुरू झाली. कमी दिवसांत, कमी खाद्यात भरपूर छातीचं मांस देणारा पक्षी कोण तयार करतो ते बघायचं. १९४८ ची अंतिम फेरी डेलावेअरमध्येच झाली आणि कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हँट्रेस यांचा पक्षी जिंकला. आजच्या ब्रॉयलरच्या वंशावळीत या स्पर्धेतल्या पक्ष्यांचं रक्त आहे.

आणि या सगळ्यात अंड्यांचा पैसा? तो हळूहळू स्वयंपाकघरातून बँकेत गेला. शेड मोठं, कर्ज मोठं, करार मोठा, आणि कागदावर नाव पुरुषाचं. ज्या धंद्याची सुरुवात एका बाईच्या हिशेबाच्या वहीतून झाली, तो एका पिढीत बायकांच्या हातून निसटला.

पुण्याचा अध्याय

भारतात हीच गोष्ट आपल्या पुण्याच्या नावानं लिहिली गेलीय. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. आज आपण तिला 'व्यंकीज' म्हणून ओळखतो. १९८२ मध्ये त्यांच्याच पुढाकारानं राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे एनईसीसी, उभी राहिली. त्याआधी अंड्याचा भाव व्यापारी ठरवायचा आणि शेतकरी मान खाली घालून घ्यायचा. समितीनं भाव स्वतः जाहीर करायला सुरुवात केली. आणि रोज अंडी खा सांगणारी ती जाहिरात? ती याच समितीची. आत्ता तुमच्या डोक्यात चाल वाजायला लागली असेल.

इथे मला नीट बोलायचंय, कारण अशा विषयांत कारखाना म्हणजे राक्षस आणि गाव म्हणजे स्वर्ग असं सांगून टाळ्या मिळतात. हॉस्टेलवर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझे मित्र बुर्जी-पावावर जगलोय. ते अंडं स्वस्त होतं ते या शेडांमुळेच. गावच्या आठ कोंबड्यांनी पुण्याचं पोट भरणार नाही.

पण किंमत कुठेतरी मोजली जातेच. आपल्याकडे अंडी देणाऱ्या बहुतेक व्यावसायिक कोंबड्या बॅटरी केजमध्ये असतात. जागा किती? युरोपात जुन्या पिंजऱ्यांसाठी कायद्यानं ठरवलेलं किमान माप होतं दर कोंबडीला ५५० चौरस सेंटिमीटर. ए-फोर कागद घ्या, तो साधारण ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. म्हणजे कागदाहून कमी. आणि गर्दीची दुसरी किंमत आपण २००६ च्या फेब्रुवारीत पाहिली. नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर. भारतातला पहिला बर्ड फ्लू तिथे सापडला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, ज्यांची शेडं होती ते बसले, आणि ज्यांच्या परसात चार कोंबड्या होत्या त्यांच्याही गेल्या.

चाकं परत आली

१९६४ मध्ये इंग्लंडमध्ये रूथ हॅरिसन यांचं 'ॲनिमल मशिन्स' हे पुस्तक आलं. बंद शेडांत काय चालतं ते सामान्य गिऱ्हाइकाला पहिल्यांदा सविस्तर कळलं. सरकारला समिती नेमावी लागली. १९६५ च्या ब्रँबेल अहवालानं मांडलं, की जनावराला किमान उभं राहता, बसता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत. किती साध्या गोष्टी! पण त्या लिहून द्याव्या लागल्या. पुढे युरोपीय संघानं १९९९ मध्ये निर्देश काढला आणि १ जानेवारी २०१२ पासून जुने पिंजरे बंद झाले. आपल्याकडे विधी आयोगानं जुलै २०१७ मध्ये २६९ क्रमांकाचा अहवाल दिला, तो याच विषयावर, अंड्यांच्या आणि मांसाच्या कोंबड्या कशा ठेवाव्यात यावर.

कायद्याच्या वाटेनं एक बदल चालला होता, तसा शेताच्या वाटेनं दुसरा. ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन पर्माकल्चरच्या निमित्तानं सांगत होते, की कोंबडीची उकरायची सवय हेच तिचं काम समजा. तिला पीक निघालेल्या वाफ्यात सोडा, ती तण काढेल, किडे खाईल, खत टाकेल. म्हणून नाव पडलं 'चिकन ट्रॅक्टर'. याच नावाचं अँडी ली यांचं पुस्तक १९९४ मध्ये आलं आणि घरोघरच्या हौशी सुतारांनी ते डोक्यावर घेतलं.

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या स्वूप गावचे जोएल सॅलाटिन यांनी हेच पोटापाण्याच्या पातळीवर करून दाखवलं. १० फूट बाय १२ फूट, उंची फक्त २ फूट, तळ नाही. आत साधारण ७५ ब्रॉयलर. रोज सकाळी खाली चाकांची छोटी ढकलगाडी सरकवायची आणि एका माणसानं ते पुढच्या गवतावर ओढायचं. दुसरी त्यांची गाडी म्हणजे 'एगमोबाईल', अंड्यांच्या कोंबड्यांचं चाकांवरचं घर. ते गाईंच्या मागून फिरतं. गाई एका कुरणातून निघाल्या की काही दिवसांनी कोंबड्या तिथे पोहोचतात, तोवर शेणात माश्यांच्या अळ्या झालेल्या असतात, कोंबड्या शेण विसकटून त्या फस्त करतात. माश्या कमी, खत पसरलेलं आणि वर अंडी. सॅलाटिन यांनी हा सगळा हिशेब १९९३ मध्ये पुस्तकात मांडला. जर्मनीत तर आता चाकांवरची तयार कोंबडीघरं विकत मिळतात, आणि शेतात उभी दिसतात.

या सगळ्यात माझं लक्ष एका तपशिलावर अडकलं: 'एका माणसानं ओढायचं'. खुराडं हलवायला दोन माणसं किंवा ट्रॅक्टर लागला, की ते चार दिवसांनी हलायचं थांबतं. मग चाकं असूनही ते पक्कं शेडच. म्हणून विचारायचं असतं, की ओढणार कोण?

आमच्या घरचं खुराडं

आमच्या आजीच्या कोंबड्या होत्या. अंडी ती स्वतः विकायची आणि पैसे पदराच्या गाठीला. घरात शेतीच्या पैशावर आजोबांचा शब्द चालायचा, अंड्यांच्या पैशावर कोणी ब्र काढत नसे. आईच्या आणि आत्याच्या अडल्या-नडल्याला तीच गाठ सुटायची. माझ्या बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षेच्या फॉर्मचे पैसेही तिथूनच आले. आजी गेली, एका वर्षी मानमोडीत कोंबड्या गेल्या, आणि घरातला तो एक स्वतंत्र खिसा बंद झाला.

या वर्षी आईनं परत कोंबड्या ठेवायच्या असं ठरवलं. त्याच सुमारास अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, दुसरा विषय काढला. करारावरचं ब्रॉयलर शेड. कंपनी पिल्लं देणार, खाद्य देणार, औषध देणार. आपण शेड, वीज, पाणी आणि राबणं द्यायचं, वजनावर मेहनताना घ्यायचा. पाच हजार पक्षी, बँकेचं कर्ज. अण्णांचं म्हणणं चूक नाही. टोमॅटोनं दोन वर्षं हात दाखवलाय, ठरलेला मेहनताना कुणाला नको असतो? ते म्हणाले, "आठ कोंबड्यांनी काय होणार?" आई म्हणाली, "आठ कोंबड्यांनी जे व्हायचं ते आत्यांच्यात झालेलं मी बघितलंय." आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. म्हणजे ती आजीबद्दल बोलत होती.

खुराडं मी बनवून देतो म्हटल्यावर आईनं एकच अट घातली. "माझ्या एकटीच्यानं हललं पाहिजे. नाहीतर ते तुझं खेळणं, माझं खुराडं नव्हे." ऑफिसात इतकी सरळ रिक्वायरमेंट मला आजवर मिळालेली नाही.

तर आकडे असे. ६ फूट बाय ४ फूट, आठ कोंबड्यांसाठी. खालचा भाग उघडा, म्हणजे पाय मातीवर. सगळं मिळून वजन ६० किलोच्या आसपास. चाकं एका टोकाला आणि मूठ दुसऱ्या टोकाला, असं केलं आणि वजन सगळीकडे सारखं पसरलेलं असलं, तर मूठ उचलताना निम्मं, म्हणजे ३० किलो हातावर येतात. आईच्या पाठीला ते झेपणार नाही. म्हणून जड भाग, म्हणजे झोपायची खोली आणि अंडी घालायची पेटी, चाकांच्या बरोबर वर घेतला. त्यामुळे वजनाचा मध्य आसापासून साधारण १ फुटावर आला. आसापासून मूठ ६ फुटांवर. ६० गुणिले १, भागिले ६, म्हणजे १० किलो. पाण्याच्या कळशीएवढं. आठवीच्या विज्ञानातली तरफ, बाकी काही नाही.

चाकांसाठी सायकलची चाकं स्वस्त पडली असती, पण पाऊस पडला की ओल्या रानात ती रुततात. म्हणून बांधकामावरच्या ढकलगाडीचे रुंद टायर घेतले. जाळी अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली. षटकोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबडी आत ठेवते, पण मुंगसाला बाहेर ठेवत नाही. आत बसायला दांडी आहे, कारण तो रानातला पक्षी अजून झाडावरच झोपतो.

आणि जुन्नरच्या लोकांना सांगायला नको, आमच्याकडे उसात बिबट्या असतो. त्याच्यापुढे कुठलीच जाळी टिकत नाही. म्हणून दिवसा रानात आणि तिन्हीसांजेला कोंबड्या वरच्या खोलीत चढल्या की झडप लावून खुराडं घराच्या पडवीत. इंग्लंड-अमेरिकेतलं खुराडं फक्त पुढे जातं, आमचं रोज घरी येतं. म्हणूनच ते १० किलो इतके महत्त्वाचे.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कुणाचा गैरसमज नको. चाकांनी जमीन स्वच्छ राहते, जंत आणि हगवण कमी होते. मानमोडीला चाकं अडवत नाहीत, त्याला लसच लागते. गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा, वेळापत्रक विचारून घ्या. लस चुकवून महागडं खुराडं बांधण्यात अर्थ नाही.

राहिला शेडचा प्रश्न. तो आमच्या घरात अजून चर्चेत आहे, बँकेचा फॉर्म कपाटावर तसाच आहे. निर्णय त्या दोघांचा. मी एवढंच म्हणालो, की शेड झालं तर त्यात निम्म्याहून जास्त वेळ आई उभी राहणार, मग करारावर आणि बँकेच्या खात्यावर तिचंही नाव असू दे. अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कंपनीला विचारून बघतो." आमच्या घरात याला होकाराच्या जवळचं उत्तर समजतात.

सेसिल स्टील यांच्या त्या पाचशे पिल्लांपासून आजपर्यंत धंदा कुठल्या कुठे गेला. पण कोंबडीच्या घराकडे बघताना विचारायचे प्रश्न तेच आहेत. हे हलतं का? कोण हलवतं? आणि अंडी विकून आलेले पैसे कोण मोजतं? शेड असो, पिंजरा असो, एगमोबाईल असो नाहीतर बांबूचं डालगं, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की त्या घराचा इतिहास कळला म्हणून समजा.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या भागात डालग्याला काय म्हणतात? डालं, झाप, खुराडं, कणगुलं, की आणखी काही? घरातल्या आजीला नाहीतर मावशीला विचारा, आणि विचारता विचारता हेही विचारा, की अंड्यांचे पैसे तुम्ही कशाला वापरले? उत्तर व्हॉइस नोटमध्ये पाठवा, चांगली उत्तरं पुढच्या भागात ऐकवू. तोपर्यंत काळजी घ्या. भेटूच!